ओस्मरची ओळख

दारू सोडलेला एखादा माणूस तुमच्या ओळखीत असेल, तर त्याला तुम्ही शेवटचा प्रश्न कोणता विचारला होता? नीट आठवून बघा. जेवलास का, असं विचारलं होतं, की अजून बंद आहे ना, असं?

पत्रकाची सुरुवात प्रश्नानं करायची ही आईची पद्धत. ती म्हणायची, रस्त्यात हातात आलेला कागद माणूस चार पावलं चालेपर्यंत वाचतो आणि मग टाकतो, त्यामुळे पहिल्या ओळीतच त्याला अडवायला हवं. मीही तशीच सुरुवात केली आहे, कारण मला दुसरी पद्धत कोणी शिकवलीच नाही. इतरांच्या घरात गोष्टींची पुस्तकं असतात. आमच्या घरात पत्रकं होती. मला अक्षरओळख झाली ती हुंड्याविरुद्धच्या एका पत्रकावर, आणि जोडाक्षरं मी कंत्राटी कामगारांच्या मागण्यांवरून शिकले. सातपूरला वर दोन खोल्या आणि खाली बाबांचा छापखाना अशी आमची जागा होती. बाबा आधी कारखान्यात होते. तिथला संप मोडला तेव्हा त्यांची नोकरी गेली आणि त्यांनी एक जुनं ऑफसेट मशीन घेतलं. दिवसा लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापायची, त्यातून घर चालायचं. संध्याकाळी आईबाबा ज्या सामाजिक मंडळात होते त्या आमच्या मंडळाची पत्रकं छापायची, त्यातून आम्ही चालायचो. आई महापालिकेच्या शाळेत शिकवायची आणि पत्रकांचा मजकूर लिहायची. घड्या माझ्याकडे होत्या. कागद तिसऱ्या भागात दुमडायचा, वरून स्टीलच्या चमच्याची पाठ फिरवायची, पुन्हा दुमडायचा, पुन्हा चमचा. मशीनचा एक ठोका आणि एक सुस्कारा, ठोका आणि सुस्कारा, असा आवाज खालून यायचा आणि माझा चमचा त्याच तालावर चालायचा. अजूनही कुठे टपरीवर चमचा घासल्याचा आवाज आला की माझी बोटं आपोआप वळतात.

छपाईत बिघडलेले कागद आम्ही फेकत नसू. त्यांच्यावर पोहे खायचे, भजी ठेवायची, शेंगांची टरफलं जमा करायची. तेल लागलं की कागद पारदर्शक व्हायचा आणि मागच्या बाजूचा मजकूर पुढच्या मजकुरात मिसळायचा. अंधश्रद्धा आणि किमान वेतन एकमेकांत गुंतलेलं मी पुष्कळदा वाचलं आहे. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी, छापखान्याच्या नावाच्या वर, ठळक अक्षरांत एकच ओळ असायची: वाचा आणि पुढे द्या. ही ओळ मला इतकी सवयीची होती की लहानपणी मी एकदा शाळेच्या निबंधाखालीही ती लिहिली होती.

विलासमामा आमच्याकडे आला तेव्हा मी अकरावीत होते. आईचा धाकटा भाऊ, मनमाडचा. तिथे तो शाळेची व्हॅन चालवायचा. एका दुपारी पिऊन चालवत होता आणि गाडी नाल्यात गेली. मुलं वाचली, एका मुलीचा पाय मात्र कायमचा आखूड झाला. पुढचं जे व्हायचं ते सगळं झालं, कोर्टही झालं आणि शिक्षाही. बाहेर आल्यावर तो आणखी प्यायला, मग मंडळाच्या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला, आणि तिथून बरा होऊन आमच्याकडे राहायला आला. छापखान्यामागच्या खोलीत कागदाच्या रिमांवर फळी टाकून बाबांनी त्याला झोपायला जागा केली. ‘ताई, ह्याच्याहून भारी गादी मी पाह्यली नाय,’ तो पहिल्या दिवशी म्हणाला, ‘कूस बदलली का कागद खालून हूं म्हणतो.’

मामाला शेवभाजी करता यायची, आणि ती करताना कोणी मध्ये बोललेलं त्याला चालायचं नाही. कांदा, सुकं खोबरं आणि काळा मसाला तो इतका वेळ परतायचा की खाली छापखान्यात बाबांना शिंका यायच्या. ‘दाजी, तुमचं मशीन बंद करा, माझं चालू हाय,’ असं तो जिन्यातून ओरडायचा. बाबा सहसा हसत नसत, पण त्या शिंकांच्या मधे मी त्यांना हसताना ऐकलं आहे. मामानं दारू सोडली होती, व्हॅन सोडली होती, मनमाड सोडलं होतं. मुलं बसतील अशी गाडी जन्मात चालवायची नाही, असं त्यानं स्वतःशी ठरवलं होतं. पण हात स्वस्थ बसत नव्हते. म्हणून त्यानं फोर्कलिफ्ट शिकून घेतली आणि ओझरच्या रस्त्यावर द्राक्षांच्या एका शीतगृहात त्याला काम मिळालं. फोर्कलिफ्टची किल्ली लाल दोऱ्यात ओवून तो शर्टाच्या खिशात ठेवायचा, दोरा मुद्दाम बाहेर लोंबत. घरी येताना घडातून गळलेले द्राक्षमणी पिशवी भरून आणायचा. त्या हंगामात आम्ही द्राक्षं इतकी खाल्ली की आई म्हणाली, आता द्राक्षांविरुद्ध पत्रक काढते.

रविवारी दुपारी मशीन बंद असायचं आणि मला कॉम्प्युटर मिळायचा. एरवी त्यावर बाबांचं अक्षरजुळणीचं काम चालायचं. माझ्या एका मैत्रिणीच्या भावानं त्यात एक गेम टाकून दिला होता. तलवारी, जादू, किल्ले, असला. आपण एक वाटसरू व्हायचं आणि राज्यभर फिरायचं; वाटेत सोबती भेटतात. माझ्या घरच्या हिशोबानं हा गेम म्हणजे सरंजामशाहीचं उदात्तीकरण होतं, आणि मी तो खेळत होते ह्याचं समर्थन मी मनात तयार ठेवलं होतं. कोणी विचारलं मात्र नाही.

त्या गेममध्ये ओस्मर नावाचा एक सोबती होता. धिप्पाड, पिकलेल्या दाढीचा. पूर्वी राजाच्या हुकुमावरून त्यानं एक पाणचक्की पेटवली होती, आत माणसं असताना. आता तो एका डोंगरावरच्या देवळाकडे पायी निघाला होता. तिथली घंटा वाजवली की शपथ पूर्ण होते अशी त्याची समजूत. समोरच्यानं आधी वार केल्याशिवाय तलवार उपसायची नाही, ही ती शपथ. तो लाकडं गोळा करायचा, सगळ्यांसाठी रटरटतं कालवण शिजवायचा आणि शेवटी जेवायचा. मामाला तो फार आवडला. मामाला इंग्रजी येत नव्हतं, मी सांगायचे ते तो ऐकायचा. ‘तुझा पाव्हणा काय म्हणतो आज?’ असं विचारत तो स्टूल ओढून बसायचा आणि मांडीवरच्या पातेल्यातले द्राक्षमणी मला एकेक देत राहायचा.

मी तो गेम एकदा सरळ खेळून संपवला होता. ओस्मरला डोंगरावर नेलं होतं, त्यानं घंटा वाजवली होती. दुसऱ्यांदा मी ठरवलं की ह्याला बिघडवायचं. इंटरनेटवर खेळणारे लोक सांगतच होते की बिघडलेला ओस्मर लढाईत दुप्पट कामाचा, त्याची तलवार पेट घेते. मला तलवारीशी देणंघेणं नव्हतं. माझा मुद्दा तत्त्वाचा होता. आमच्या घरात असं मानत की योग्य युक्तिवाद योग्य वेळी हातात दिला तर कोणताही माणूस सुधारतो. पत्रक छापायचं ते ह्याच विश्वासावर. मग युक्तिवादानं माणूस बिघडायलाही हवा. नाहीतर पहिलं विधान खरं कसं? सतरा वर्षांच्या वयात मला हे अगदी बिनतोड वाटलं होतं. आजही त्यात चूक नेमकी कुठे आहे ते मी एका वाक्यात सांगू शकणार नाही.

मी त्याला सोनं दिलं, त्यानं भिकाऱ्याला देऊन टाकलं. मद्य दिलं, त्यानं मातीत ओतलं. त्याच्या भावाला मारणारा माणूस दोरखंडात बांधून त्याच्यापुढे उभा केला. ओस्मरनं दोर कापला. प्रत्येक वेळी त्याची शपथ आणखी घट्ट होत होती. पडद्याच्या कोपऱ्यात त्याच्या मनगटावरचा शपथेचा धागा दिसायचा, त्याला पीळ बसत जायचा.

‘कशाला मागं लागलीस त्याच्या?’ मामा म्हणाला.

‘बघायचंय मोडतो का.’

‘असा नाय मोडायचा. बाटली दाखवली का माणूस उलट सावध होतो.’

मग एका सराईत, जिथे वाटसरू मुक्कामाला थांबतात तिथे, मालकिणीनं विचारलं की हा तुमच्याबरोबरचा गडी कोण. उत्तरांचे तीन पर्याय होते. मी पहिला निवडला: हा तो चक्की जाळणारा ओस्मर, पण आता सुधारला आहे. मला वाटलं होतं की हे चांगलं उत्तर आहे. सगळी सराई चमकली. मग एक म्हातारा उठला आणि त्यानं ओस्मरच्या पाठीवर हात ठेवला. लोकांनी त्याला गोष्ट सांगायला लावली. खाली एक ओळ उमटली: ओस्मर खाली बघतो. आणि धाग्याचा एक पीळ सुटला.

मी ताडकन सरळ बसले. पुढच्या गावात मी पुन्हा तेच केलं. त्याच्या पुढच्या गावात बाजाराच्या मधोमध. कुठेही कोणी त्याला शिवी दिली नाही. बायका डोळे पुसत, मुलं हात लावून बघत, पुजारी आपल्या प्रवचनात त्याचं उदाहरण देत. ओस्मर खाली बघतो. ओस्मर खाली बघतो. त्यानं कालवण शिजवणं बंद केलं. मग एका नाक्यावर पहारेकऱ्यानं नुसतं नाव विचारलं, आणि ओस्मरनं तलवार उपसली. त्याच्यावर कोणी वार केला नव्हता. तलवार पेटली. सगळं संपल्यावर मी त्याला विचारलं, असं का केलंस? तो म्हणाला, ‘चक्की जाळणाऱ्याला सगळे ओळखतात. दुसऱ्याला कोणी भेटलंच नाही.’

मी ते वाक्य मामाला मराठीत सांगितलं. द्राक्षमणी द्यायचा त्याचा हात थांबला होता.

‘मागं जाता येतं का?’ त्यानं विचारलं.

‘येतं. सराईच्या आधीचं साठवून ठेवलंय.’

‘मंग जा ना मागं.’

‘थांब, पुढे काय होतं ते बघू दे.’

तो उठून स्टूल जागेवर ठेवून गेला. त्याला भांडी घासायची होती, असं मी समजले.

इथे मला मंडळाबद्दल सांगायला हवं. मामा केंद्रातून बाहेर आला तेव्हापासून मंडळाला तो हवा होता. चांगल्या अर्थानं हवा होता. शाळेत, वस्तीत, गणपतीच्या मांडवात व्यसनमुक्तीचा कार्यक्रम असला की मामाला उभं करायचे. तो दोन वाक्यं बोलायचा आणि थांबायचा. मग कोणीतरी विचारायचं, त्या मुलीचं पुढे काय झालं? तो सांगायचा. लोक टाळ्या वाजवायचे. आईनं त्याच्यावर पत्रक लिहिलं. निळ्या शर्टातला त्याचा फोटो, आणि वर प्रश्न: ह्या माणसाच्या हातात तुम्ही तुमचं मूल द्याल का? खाली त्याची सगळी कहाणी, आणि शेवटी, दारू सुटते. मजकूर उत्तम होता. आईनं त्याहून चांगलं काही लिहिलेलं मला आठवत नाही. ते पत्रक दोनदा संपलं आणि दोनदा छापलं. भाजीबाजारात लोक मामाला ओळखू लागले. एक भाजीवाली त्याला दरवेळी एक मिरची जास्त द्यायची आणि म्हणायची, धरून ठेवा हं भाऊ. मामा मान हलवायचा. घरी आल्यावर ती मिरची बाजूला काढून ठेवायचा. भाजीत घालायचा नाही. हे मी तेव्हा पाहिलं होतं.

पगाराच्या दिवशी कारखान्यांच्या फाटकावर उभं राहून पत्रकं वाटायची हा मंडळाचा जुना शिरस्ता. त्या दिवशी हातात पैसे असतात आणि वाटेत गुत्ते असतात. त्या महिन्यात आईनं सुचवलं की ह्या खेपेला ओझरच्या रस्त्यावरच्या त्या शीतगृहाचं फाटक घ्यावं. तिचा हेतू अभिमानाचा होता. आपला माणूस तिथेच काम करतो, मग दुसरीकडचं उदाहरण कशाला? तिनं तिसऱ्या आवृत्तीत एक नवी ओळ घातली: आज तो तुमच्याच शेजारी काम करतो. बाबांनी ती ओळ जुळवली, प्लेट केली, छापली. मी घड्या घातल्या. चमचा त्या ओळीवरूनच फिरत होता, कारण ती बरोबर दुसऱ्या घडीवर यायची. आमच्यापैकी एकालाही काही खटकलं नाही. ज्यांनी जन्मभर लोकांना माहिती पोचवली, त्यांना माहिती म्हणजे नेहमी भलंच वाटतं. बाहेरच्या माणसाला ही चूक सुचलीसुद्धा नसती.

पत्रकं वाटली त्या दिवशी मामा द्राक्षांशिवाय घरी आला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी त्याच्या खिशातून लाल दोरा लोंबत नव्हता. आईनं विचारलं, किल्ली कुठाय? तो म्हणाला, ‘सायबानं ठिवून घेतली.’ साहेब वाईट नव्हता. त्यानं मामाला खुर्चीत बसवून चहा पाजला आणि सांगितलं की विलासभाऊ, तुमच्याबद्दल लय आदर आहे, पण वरच्यांनी पत्रक वाचलंय, उद्या मशीनखाली कोणी आलं तर मी काय उत्तर देऊ? तुम्ही काही दिवस द्राक्षांच्या क्रेटी उचला. मामा क्रेटी उचलत होता. आजूबाजूची पोरं त्याला बोलावत होती, काय मास्तर, आज भाषण नाय का? एक जण रोज सकाळी गमतीनं त्याच्या तोंडाचा वास घ्यायचा. ‘त्याचं काय नाय,’ मामा म्हणाला, ‘त्याला मी शिवी देतो, तो मला देतो, फिट्टमफाट. पण बाकीचे पाठ थोपटतात ना, ती लय जड जाते.’

मग तो आईला म्हणाला, ‘ताई, ते कागद परत घेता येतात का?’

आईला प्रश्नच कळला नाही. ‘अरे, वाटले ना ते.’

‘तरी पण.’

‘वाटलेलं परत कसं घेणार? आणि का घ्यायचं? खोटं आहे का त्यात काही?’

‘नाय. खोटं काय नाय,’ मामा म्हणाला आणि खाली बघितलं.

ती ओळ मी पडद्यावर इतक्यांदा वाचली होती की मला ती त्याच्या छातीखाली उमटलेली दिसली. पुढे काय होतं तेही मी पाहिलं होतं. मामा जेवून खाली गेला नाही, बाहेर गेला. आम्ही वाट बघत बसलो. आईनं भात गरम करायला ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मामा परत आला तेव्हा त्याच्या हातात केळी होती. सगळ्यांनी एकाच वेळी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. वास येतो का, हे बघायला. त्यानं ते पाहिलं. केळी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, ‘घ्या. स्वस्त मिळाली.’ त्याहून भयंकर असं आमच्या घरात मी काही पाहिलेलं नाही, आणि त्यात कोणी आवाजसुद्धा चढवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौथी आवृत्ती मशीनवर चढली. मंडळाला ती एका मोठ्या मेळाव्यासाठी हवी होती. बाबांनी पहिला गठ्ठा वर आणून माझ्यासमोर ठेवला. मी चमचा बाजूला ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसले.

‘काय झालं?’ बाबा म्हणाले.

‘संप.’

आई स्वयंपाकघरातून आली. ‘घरातल्या घरात कसला संप? ऊठ, वेळ नाहीये.’

‘मी ह्या पत्रकाच्या घड्या घालणार नाही.’

‘मग मी घालते,’ आईनं चमचा उचलला.

‘ठेव तो,’ बाबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. ‘संपावर गेलेल्या माणसाचं काम दुसऱ्यानं करायचं नसतं. ह्या घरात तरी नाही.’ ते खाली गेले आणि मशीन बंद झालं. ठोका आणि सुस्कारा थांबल्यावर त्या खोलीत पंखाही आहे हे मला पहिल्यांदा जाणवलं. बाबा वर आले, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले, एखाद्या वाटाघाटीला बसावं तसे. ‘हं. मागणी काय?’

‘मामाला विचारा.’

‘काय विचारा?’

‘त्याला काय हवंय ते. आजपर्यंत आपण त्याला सगळं विचारलं. कधी सुरुवात केली, किती प्यायचास, ती मुलगी कशी आहे, आता इच्छा होते का. हे विचारलंच नाही.’

आई म्हणाली, ‘हे तुला त्या गेममध्ये शिकवलं का?’ ती टोमणा मारत होती. मी हो म्हणाले.

मामाला वर बोलावलं. तो दारातच उभा राहिला, हात पुसत. आई त्याची थोरली बहीण. तिनं त्याला लहानपणी कडेवर घेतलं होतं. तिनं विचारलं, ‘विलास, तुला काय हवंय रे?’

‘किल्ली हवी,’ मामा म्हणाला. ‘आन् कोणी काय विचारू नये.’

आईचे डोळे भरले. ती उठली, टेबलावरचा कोरा कागद तिनं पुढे ओढला आणि पेन शोधू लागली. ‘किल्ली कशी देत नाहीत बघते. सुधारलेल्या माणसाला शिक्षा करतात? त्या व्यवस्थापनाच्या विरोधात असं पत्रक काढते की...’

‘ताई,’ मामानं दोन्ही हात जोडले, ‘पाया पडतो तुझ्या. पत्रक नको.’

बाबांना हसू आलं. ते खोकल्यात लपवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण मग मामाही हसला, आणि शेवटी हातात पेन असलेली आईसुद्धा, रडता रडता. चौथी आवृत्ती बाबांनी दुसऱ्या दिवशी कापायला घातली. ज्या कागदांची मागची बाजू कोरी होती त्यांची चिठ्ठ्यांची पॅडं केली. मंडळात ह्यावरून आईला बरंच ऐकून घ्यावं लागलं. ती म्हणाली, माझ्या भावाची गोष्ट आहे, मी मागे घेते. आईनं काही मागे घेतल्याचं मला आठवतं ते एवढंच.

किल्ली मात्र परत आली नाही. साहेब प्रत्येक वेळी आदरानं बोलत राहिला. हंगाम संपता संपता मामानं ठरवलं की इथून जायचं, जिथे तो फाटकातून आत शिरला की लोक फक्त एक माणूस आत शिरताना बघतील. कळवणकडे कोणाच्या तरी ओळखीनं कांद्याच्या खळ्यावर ट्रॅक्टरचं काम होतं. जायच्या आधीच्या रविवारी दुपारी तो स्टूल घेऊन माझ्याशेजारी बसला.

‘पाव्हणा कुठाय?’

मी सराईच्या आधीचं साठवलेलं उघडलं. ओस्मर पुन्हा धुळीत उभा होता, मनगटावरचा धागा पिळलेला. आम्ही सराईत गेलो. मालकिणीनं विचारलं, हा तुमच्याबरोबरचा गडी कोण? मी पर्याय वाचून दाखवले. तिसरा मी आधी कधी नीट पाहिलाच नव्हता, तो इतका छोटा होता. माझ्याबरोबर आहे, एवढाच.

‘ते दाब,’ मामा म्हणाला.

मी दाबलं. मालकिणीनं मान डोलावली आणि दोन वाट्या पुढे केल्या. काही झालं नाही. पीळ वाढला नाही, सुटला नाही. ओस्मरनं रोटी मोडली, कालवणात बुडवली आणि खाल्ली. मामा स्टूल ओढून पडद्याजवळ सरकला.

‘एवढंच व्हतं का?’ तो म्हणाला.

आता सात-आठ वर्षं होऊन गेली. मी पत्रकं लिहिते. आईपेक्षा जरा कडक लिहिते असं लोक म्हणतात. पत्रकांवरचा माझा विश्वास तसूभरही कमी झालेला नाही. मालकाचं नाव छापावं, मंत्र्याचं छापावं, बापाचं हुंड्याच्या आकड्यासकट छापावं. पण जो माणूस स्वतःला बदलतो आहे त्याचं छापू नये, त्याच्या भल्यासाठीसुद्धा. ह्यावर मंडळातल्या लोकांशी माझं अजून वाजतं. ते म्हणतात, मग इतरांना प्रेरणा कशी मिळणार? मी म्हणते, प्रेरणा तुमची आणि किंमत त्याची, हा व्यवहार मला मान्य नाही. आणि हे लिहून मीही तेच करते आहे, हा त्यांचा आरोप मी आधीच ऐकला आहे. म्हणून सांगते: त्याचं नाव विलास नाही. गाव मनमाड नाही, तो जिथे गेला ते कळवण नाही, आणि तो उचलायचा त्या क्रेटी द्राक्षांच्या नव्हत्या. शेवभाजी खरी आहे. केळी खरी आहेत. हे लिहिण्याआधी मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, पाव्हण्याचं लिही, माझं कमी लिही. मी जमेल तेवढं केलं आहे.

आता तुमच्याकडे एक काम. त्या पत्रकाच्या तीन आवृत्त्या आमच्या हातून गेल्या आणि कागद लवकर मरत नाही. तो कुठेतरी असतो, वहीच्या पुठ्ठ्यात, कपाटात अंथरलेला, जुन्या रद्दीच्या तळाशी. निळ्या शर्टातल्या माणसाचा फोटो आणि वर मुलाबद्दलचा प्रश्न असलेला कागद तुम्हाला सापडला, तर त्यावर पोहे खा, भजी ठेवा, तेल पुरतं भिनू द्या. त्याच्या तळाशी ठळक अक्षरांत एक ओळ असेल. ती आमचीच आहे, माझ्या बाबांनी जुळवलेली. तेवढी पाळू नका. पुढे देऊ नका.